एक फालुदा, भागिले सात

रविवारी संध्याकाळी सात वाजता आपल्या लेडीज हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच प्रश्न ऐकू येतो: "आज कुठे?" 'कशाला' असं कोणी विचारत नाही, कारण रविवारी रात्री मेस बंद असते. पुण्यातल्या बहुतेक मेसना हा नियम आहे. दुपारी फीस्ट असते, त्यात जिलबी किंवा श्रीखंड, आणि रात्री कुलूप. त्यामुळे आठवड्यातून एकदा बाहेर जेवणं ही आपल्याकडे चैन नसून सक्ती आहे. हे मला कळायला दीड वर्ष लागलं आणि ते ज्या पद्धतीने कळलं त्याची मला लाज वाटते. म्हणून हा लेख.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड होता, आणि त्यातून जमलेल्या पैशांची वर्षाच्या शेवटी वर्गाला पेस्ट्री मिळायची. म्हणजे माझ्या मराठीची पेस्ट्री मीच खाल्ली आहे! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर समजून घ्या. (संपादक मंडळाने बरंच सुधारलंय. उरलेलं माझं.)

तर आमचा सात जणींचा ग्रुप. तीन मेकॅनिकलच्या (वर्गात एकूण मुलीच चार, त्यामुळे बहुमत), बाकीच्या कॉम्प आणि ई.एन.टी.सी.च्या. दर रविवारी आम्ही बाहेर पडायचो. ठिकाण ठरवायला पाऊण तास, पोचायला अर्धा तास, ऑर्डर द्यायला वीस मिनिटं, आणि साडेनऊला गेट बंद! (मुलांच्या हॉस्टेलचं गेट अकराला बंद होतं. त्यांना भूक उशिरा लागते असं प्रशासनाचं निरीक्षण असावं.) म्हणून आम्ही जवळपासचंच एक ठिकाण पक्कं केलं होतं. बाहेर कोळशाची शेगडी, काचेच्या कपाटात मसाला लावून टांगलेल्या कोंबड्या, आणि आत एका बाजूला फालुदा-आइस्क्रीमचं काउंटर. नाव सांगत नाही. त्यांची काही चूक नव्हती, चूक सगळी आमच्या टेबलावर होती.

आमच्या टेबलावर ग्रिल्ड चिकन यायचं, फुल प्लेट दोन. तंदुरी वेगळी. कोणीतरी 'पेरी-पेरी' मागवायची कारण मेनूकार्डावर त्याच्यापुढे तीन मिरच्या छापलेल्या असायच्या आणि आमच्यातली एक दर वेळी पैज लावायची. आणि माझी रूममेट, जिला मी 'रूमी' म्हणते, ती एक फालुदा घ्यायची. फक्त फालुदा, बाकी काही नाही. "मला हेच आवडतं," असं म्हणायची. आम्ही ठरवून टाकलं की ही शाकाहारी आहे, शिवाय गोडघाशी आहे. तिला आम्ही 'फालुदा' म्हणूनच हाक मारायला लागलो.

थोडं फालुद्याबद्दल सांगते, कारण मी स्वतः त्याला बरेच दिवस बायकी, लहान मुलांचं, 'जेवण नसलेलं' असं काहीतरी समजत होते. ठाण्याला असताना बाबांबरोबर क्रॉफर्ड मार्केटला खरेदीला गेलं की समोरच्या बादशाहमध्ये फालुदा मिळायचा. तो खरेदी संपल्याचा भोंगा होता, जेवण नव्हे. पण हा पदार्थ भलताच फिरलेला आहे. मूळ इराणचा. शिराझ शहरात आजही 'फालुदे' मिळतो तो आपल्यासारखा दुधातला नसतो. स्टार्चच्या केसासारख्या बारीक शेवया अर्धवट गोठलेल्या साखरेच्या पाकात, वर गुलाबपाणी आणि लिंबाचा रस. दूध, सब्जा, रबडी, कुल्फी हे सगळं आपल्याकडच्या लोकांनी त्यात घातलं. शेवया करायची रीत मला रूमीने सांगितली. कॉर्नफ्लोर किंवा आरारूट पाण्यात शिजवायचं, ते पारदर्शक आणि चिकट झालं की गरम असतानाच सोऱ्यातून थेट बर्फाच्या पाण्यात पाडायचं. (सोऱ्या म्हणजे काय हेही तिनेच सांगितलं. मी 'तो चकलीचा प्रेस' म्हणत होते.) गरम स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि गार पाण्यात पडताच आकार धरतो. मटेरियल सायन्सला आम्ही क्वेंचिंग शिकलो तेव्हा मला लोखंड आठवायच्या आधी फालुदा आठवला. सब्जाचंही तसंच. कोरडा असताना मोहरीहून बारीक, पाण्यात टाकला की दहा-पंधरा मिनिटांत भोवती पारदर्शक गोळा तयार होतो.

मलेशिया-सिंगापूरकडे 'चेंडोल' नावाचा याचा एक चुलतभाऊ आहे. तांदळाच्या पिठाच्या हिरव्या, गिळगिळीत शेवया, नारळाचं दूध, ताडगूळ आणि किसलेला बर्फ. हिरवा रंग आणि वास पांदान नावाच्या पानाचा, जे आपल्या केवड्याच्या कुळातलं आहे. फिलिपाइन्समध्ये 'हालो-हालो' मिळतो, त्यात तर चक्क उकडलेली कडधान्यं, फळं, जेली, दूध आणि बर्फ एकत्र. त्या नावाचा अर्थच 'मिसळ-मिसळ' असा आहे. म्हणजे आपण मिसळ तिखट केली, त्यांनी गोड. नीट बघितलं तर या सगळ्या पदार्थांत एक गोष्ट सारखी आहे: स्वस्त स्टार्च, थोडं दूध किंवा नारळ, बरीच साखर, बर्फ. उन्हातल्या माणसाला थोड्या पैशात गार करायचं आणि पोटभर करायचं. 'पोटभर' हा शब्द लक्षात ठेवा.

आता चिकन. मला वाटतं, हॉस्टेलमध्ये ज्याला आपण 'बाहेरचं खाणं' म्हणतो त्यातलं निम्मं हेच असतं. तंदुरी चिकन हॉटेलांत पसरलं त्याचं श्रेय सहसा दिल्लीच्या दर्यागंजमधल्या मोती महलला, म्हणजे पेशावरहून फाळणीनंतर आलेल्या कुंदनलाल गुजराल यांना दिलं जातं. साल 1947. बटर चिकन नेमकं कोणी शोधलं यावरून 2024 मध्ये दिल्ली हायकोर्टात खटलासुद्धा उभा राहिला. (कोर्टाच्या तारखा पडत असताना ग्रेव्ही गार होत असेल, हा पी.जे. माझा.) तंदूर हा हीट ट्रान्सफरच्या ओरलला विचारण्यासारखा प्रश्न आहे. मातीची तापलेली भिंत चारी बाजूंनी रेडिएशन देते, आतली गरम हवा वर चढताना कन्व्हेक्शन करते, आणि लोखंडी सळई कंडक्शनने आतून मांस शिजवते. तिन्ही मोड एका पाव किलोच्या तंगडीवर! आधी दह्यात मुरवलेलं असतं म्हणून एवढ्या आगीतही ते आतून ओलं राहतं. बाहेरचं पाणी उडालं की पृष्ठभाग दीडशे अंशांच्या आसपास पोचतो आणि मग तो तपकिरी, किंचित कडवट, खमंग थर येतो. लाल रंग मात्र पुष्कळदा डबीतला असतो.

आणि ती तीन मिरच्यांची पेरी-पेरी. सगळ्यांना ती परदेशी फॅशन वाटते, कारण आजकाल ती फ्रेंच फ्राइजवर, मक्यावर, पॉपकॉर्नवर, मखान्यावर शिंपडलेली असते. मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी ती जहाजातून आफ्रिकेला नेली आणि गोव्यालाही आणली. पूर्व आफ्रिकेत तिला स्वाहिलीत 'पिलिपिली' म्हणतात, आणि या शब्दाचा माग काढत गेलं की अरबी 'फिलफिल'मधून, फारसी 'पिलपिल'मधून आपण थेट संस्कृत 'पिप्पली'पाशी येतो. म्हणजे आपली पिंपळी! आजी खोकल्यावर मधातून चाटवायची तीच. शब्द इथून गेला, समुद्र ओलांडून मिरचीला चिकटला, आणि आता तीन मिरच्यांच्या चित्रासकट मेनूकार्डावर जास्त भावाने परत आला आहे. जोहान्सबर्गमध्ये 1987 साली सुरू झालेल्या नँडोजने हे पेरी-पेरी चिकन जगभर नेलं. पण आपल्या शेजारी ते त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. आमची सेकंड इयरची इंडस्ट्रियल व्हिजिट गोव्याला गेली होती (कोणाची जात नाही?), तिथे मी 'काफ्रेआल' खाल्लं. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, लिंबू, गरम मसाला यांचं हिरवं वाटण लावून परतलेलं चिकन. हा पदार्थ मोझांबिककडून पोर्तुगीज सैन्यातल्या आफ्रिकन शिपायांबरोबर आला असं मानतात. नावातला 'काफ्रे' हा त्या काळी आफ्रिकन माणसांना उद्देशून वापरायचा तुच्छतेचा शब्द. हे ऐकल्यावर माझ्या ताटातला तुकडा जरा जड झाला, पण संपवला.

एवढं सगळं मला माहीत होतं. किंवा हळूहळू वाचून कळलं, आणि मी ते टेबलावर बसून सगळ्यांना सांगायचे. आणि बिल आलं की मीच मोबाइल काढायचे, कारण ग्रुपमध्ये 'मॅथ्सवाली' मी. एम-थ्रीला पहिल्या झटक्यात सुटलेली. शेवटच्या त्या रविवारचं बिल मला पाठ आहे. दोन हजार आठशे रुपये, वर पाच टक्के जीएसटी एकशे चाळीस, एकूण दोन हजार नऊशे चाळीस. भागिले सात. चारशे वीस. "चला गर्ल्स, फोर ट्वेंटी ईच!" वर 'चारसो बीस' म्हणून हशा. सगळ्यांचे फोन माझ्या क्यूआर कोडवर टुंग टुंग वाजले. रूमीचाही वाजला.

फालुदा एकशे वीस रुपयांचा होता. जीएसटी धरून एकशे सव्वीस. तिने भरले चारशे वीस. म्हणजे दोनशे चौऱ्याण्णव रुपये तिने आमच्या कोंबडीचे भरले. असं किती रविवार झालं असेल याचा हिशेब मी नंतर केला आणि आकडा इथे लिहीत नाही, कारण हा लेख तिला आधी वाचायला दिला होता आणि तिने ती ओळ खोडली. (आणखी एक ओळ खोडली आहे. तीही नाही सांगत.)

मग ती यायची बंद झाली. पहिल्या रविवारी पोट बिघडलंय. दुसऱ्या रविवारी सबमिशन आहे. तिसऱ्या रविवारी पुन्हा पोट. मी म्हटलं, "किती ग नाजूक पोट तुझं!" परत आल्यावर खोलीत पार्ले-जीचा कागद दिसायचा. मी माठ मुलगी, मला वाटायचं डाएट चाललंय.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या गावी गेले, हिंगोली जिल्ह्यात. तिच्या आईने चुलीवर गावरान कोंबडीचा रस्सा केला होता. ज्वारीच्या भाकरी, कांदा, रस्सा असा की पहिल्या घासाला कानातून वाफ. मी घाबरत विचारलं, "काकू, हिच्यासाठी वेगळं काय केलंय?" काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "काहून? वेगळं कशाला माय? हिला तर लहानपणापासून तंगडीच लागती. भावाशी भांडती त्याच्यासाठी." आणि रूमीने माझ्याकडे न बघता ताटात तंगडी घेतली.

रात्री गच्चीवर तिने सांगितलं, एका दमात, अगदी साध्या आवाजात. मेनूकार्डावर सगळ्यात कमी पैशात पोट कशाने भरतं ते तिने पहिल्याच रविवारी बघून ठेवलं होतं. चहा-टोस्टने भरत नव्हतं. फालुद्यात दूध असतं, शेवया असतात, सब्जा पोटात बसून राहतो, सकाळच्या नाश्त्यापर्यंत भूक लागत नाही. शिवाय फालुदा खाणारीला कोणी 'एवढंच?' असं विचारत नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा येतो तेव्हा महिन्याला तिच्याकडे हातखर्चाला किती उरायचे तेही तिने सांगितलं. "मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू इतकी भराभर भागाकार करतीस, मधी बोलायला जागाच नसती."

त्यानंतर मी हा विषय बऱ्याच जणांकडे काढला आणि वेगवेगळी मतं ऐकली. मुलांच्या हॉस्टेलमध्ये 'कॉन्ट्री' पवित्र मानली जाते. एक सीनियर म्हणाला, "दोस्तीत हिशोब करायचा नसतो. आज तू जास्त खाल्लंस, उद्या मी खाईन, शेवटी सगळं इव्हन आउट होतं." हे ऐकायला फार छान वाटतं. पण ते इव्हन आउट व्हायला प्रत्येकाने कधी ना कधी जास्त खायला हवं. जो दर वेळी कमीच मागवतो, कारण त्याला कमीच मागवावं लागतं, त्याचं कधीच इव्हन आउट होत नाही. हे प्रोबॅबिलिटीच्या पहिल्या युनिटमध्ये आहे, सरांनी दोनदा शिकवलंय. समान भागाकारात हिशोब नसतो असं नाही. हिशोब असतोच, फक्त तो गरिबाच्या खिशातून होतो आणि श्रीमंताला तो दिसत नाही म्हणून तो त्याला दोस्ती म्हणतो.

उलट 'टीटीएमएम' म्हटलं की पुणेरी कंजूषपणा म्हणून आपण हसतो. तुझं तू, माझं मी. मीही हसायचे. आता मला तो फार सभ्य शब्द वाटतो. आमच्या एका सरांनी (नाव छापू नको म्हणाले) सांगितलं की त्यांच्या वेळी चौघांत एक प्लेट आणि जादा पाव अशी ऑर्डर असायची, आणि ऑर्डर द्यायच्या आधी सगळे खिशातले पैसे टेबलावर ठेवायचे. जेवढे जमतील तेवढ्यात काय येतं ते बघायचं. म्हणजे आधी पैसे, मग मेनू. आपण आधी मेनू बघतो, मग पैसे. माझं म्हणणं एवढंच आहे की टेबलावर बसल्या बसल्या वेटरला सांगा की बिल वेगळं करा, किंवा एकीने कागदावर लिहा कोणी काय घेतलं. 2016 पासून यूपीआय आहे, एकशे सव्वीस रुपये पाठवायला सुट्ट्या पैशांची भानगडही नाही. आणि ज्यांना खरंच सगळ्यांचं भरायचं असेल त्यांनी 'माझा वाढदिवस' असं म्हणून सरळ सगळं भरावं, अर्धवट दिलदारपणा करू नये.

बिलावरून आठवलं. एका 'अनलिमिटेड ग्रिल' म्हणवणाऱ्या ठिकाणी आमच्याकडून दहा टक्के सर्व्हिस चार्ज घेतला होता आणि आम्ही तो कर समजून मुकाट्याने भरला. तो कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. नको असेल तर काढायला सांगायचं. आम्हा सात जणींपैकी एकीलाही माहीत नव्हतं, आणि आम्ही म्हणे उद्याचे इंजिनिअर! (वेटर दादांना टिप द्यायची असेल तर हातात द्या. तो वेगळा विषय.)

'अनलिमिटेड'बद्दल माझं मत आणखी वाईट आहे. सातशे-आठशे रुपये डोक्यामागे आणि मग पैसे वसूल करायला श्वास अडकेपर्यंत खायचं. तिथे फालुदा घेऊन बसायची सोयच नाही, आत शिरायचं तर पूर्ण भरूनच. त्यापेक्षा मला आपले जुने इराणी कॅफे जास्त मोठ्या मनाचे वाटतात. डेक्कनचं गुडलक 1935 पासून आहे. तिथे एक बन मस्का आणि एक चहा घेऊन बसलेला माणूस आणि खिमा-पाव, ऑम्लेट, कॅरॅमल कस्टर्ड असं सगळं मागवलेला माणूस शेजारी शेजारी बसतात. शनिवार-रविवारी बाहेर रांग असते ती सोडा. गेल्या रमजानात आम्ही कोंढव्याला कौसर बागेत गेलो होतो, रूमीही आली होती. तिथे मला तेच आवडलं. गाडीवर सीख कबाब एक घ्या नाहीतर दहा घ्या, प्रत्येकाचे पैसे प्रत्येक जण तिथल्या तिथे देतो, पुढच्या गाडीवर मालपुवा, त्याच्या पुढे फालुदा. टेबलच नाही, त्यामुळे भागाकारही नाही. रूमीने तिथे चिकनची एक सीख खाल्ली. सगळ्यांदेखत.

पण हे झालं आमच्या टेबलापुरतं. खरी गोष्ट मेसची आहे, आणि हा लेख रेक्टर मॅडम आणि मेस कमिटी वाचणार आहे हे धरून लिहितेय. आम्ही मेसचे पैसे टर्मच्या सुरुवातीला भरतो. रविवार रात्रीचं जेवण त्यात नाही. ज्या मुलीकडे त्या रात्रीसाठी शे-दीडशे रुपये नाहीत तिने काय करायचं याचं उत्तर नोटीस बोर्डवर नाही. मी आमच्या मजल्यावर विचारत फिरले तेव्हा 'पोट बिघडलंय' हे उत्तर मला आणखी तीन खोल्यांत मिळालं. तीन मुलींची पोटं नेमकी रविवारीच बिघडतात. कॅम्पस डिस्पेन्सरीच्या डॉक्टरांसाठी इंटरेस्टिंग केस आहे.

मी रागारागात मेसच्या काकांकडे गेले होते की रविवारी रात्री निदान खिचडी तरी लावा. काका पोळ्यांचा डबा पुसत होते. ते म्हणाले, "ताई, महिन्यात चार संध्याकाळी मी माझ्या लेकराला जेवताना बघतो. त्या चार तुम्ही मागता." मला पुढे बोलताच आलं नाही. पोळ्या लाटणाऱ्या मावशी पहाटे पाचला येतात, सहा दिवस. त्यांचा रविवार आमच्या खिचडीसाठी जावा असं मी तरी म्हणणार नाही. आणि आपणच स्वयंपाकघर ताब्यात घेऊन खिचडी करू, ही काही मुलींची सूचना मला खोटी वाटते. दोन रविवार उत्साह राहील, तिसऱ्याला कुकर कोण घासणार यावर बैठक.

मार्ग रूमीनेच सुचवला. रविवारी दुपारच्या फीस्टला ज्यांना हवं त्यांना रात्रीचं बांधून द्यायचं. भाजी नको, ती उन्हाळ्यात रात्रीपर्यंत टिकणार नाही. दशम्या द्यायच्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या असतात, प्रवासाला नेतात, नरम राहतात. (दशमी मला फक्त तिथी म्हणून माहीत होती.) सोबत शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा आणि एक केळं. मावशी म्हणाल्या, दुपारच्या कणकेबरोबरच होईल, अर्धा तास जास्त लागेल, त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे द्या. अगदी बरोबर आहे. ते पैसे फीस्टमधली एक जिलबी कमी करून निघतात का, हे मी मेस कमिटीला लेखी देणार आहे, कारण भागाकार अजूनही मला भराभर येतो.

एक अट मात्र हवी. डबा सगळ्यांना खुला असावा, यादी नको, अर्ज नको, 'गरजू विद्यार्थिनी' असा रकाना तर अजिबात नको. नाहीतर तो डबा घेण्यापेक्षा पोट बिघडलेलं परवडलं. मी स्वतः घेणार आहे. ठेचा मला झेपत नाही, पण तीन मिरच्यांच्या पेरी-पेरीवर पैज लावणारीने आता तक्रार करायची सोय नाही. (हो, पैज लावणारी मीच.)

आमच्या ग्रुपमध्ये वाद अजून मिटलेला नाही. दोघींना वाटतं मी उगाच सगळ्यांना लाजवलं, आता मेनूकार्ड उघडताना मोकळेपणा राहिला नाही. असेल. परवाच्या रविवारी बिल आलं तेव्हा टेबलावर क्षणभर कोणीच बोललं नाही, मग एकीने पर्समधून जर्नलचं कोरं पान काढून सात रकाने पाडले. रूमीचा रकाना एकशे सव्वीसचा. माझा पाचशे चार, कारण पेरी-पेरी अर्धी माझी होती. तिने माझा रकाना वाचला, चमच्याने तळाचा सब्जा गोळा केला आणि म्हणाली, "एवढ्यात चार फालुदे येतात ग. बरोब्बर चार." गेट बंद व्हायला बारा मिनिटं राहिली होती. आम्ही पळालो.